पायाळूचा पाय आणि वहिनीची पाठ

आमच्या झाईत कुणाच्या कमरेत उसण भरली की लोक डॉक्टरकडे जात नसत, माझ्याकडे येत. मी पायाळू, म्हणजे जन्मताना डोक्याऐवजी पायांनी बाहेर आलेली. अशा माणसाचा पाय पाठीला लागला की उसण उतरते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. का उतरते ते कुणालाच ठाऊक नसतं, आणि विचारायची पद्धत नाही. दुखणेकऱ्याने चटईवर पालथं पडायचं, मी उजव्या पायाची टाच त्याच्या कमरेवरून तीनदा ओढायची, आणि तो वयाने मोठा असेल तर लगेच वाकून त्याच्या पाया पडायचं. आधी लाथ, मग नमस्कार. सहा वर्षांची असल्यापासून मी हे करत आले. बोटीचे तांडेल, शेजारचे आजोबा, मला गणितात नापास करणारे गुरुजी, सगळे माझ्यापुढे पालथे पडलेले मी पाहिलेत. मोठ्या माणसांविषयी मला फारसा आदर का वाटत नाही, असं लोक विचारतात. त्याची सुरुवात बहुधा त्या चटईवर झाली.

पुढे मी शिकले, तलासरीच्या एका शाळेत विज्ञान शिकवायला लागले, डहाणूत घर केलं. लग्न केलं नाही. दर वर्षी फळ्यावर मोठ्या अक्षरांत ‘वैज्ञानिक दृष्टिकोन’ असं लिहायचे, खाली दोन रेघा मारायचे, आणि मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत मुख्याध्यापक बाकावर पालथे पडलेले असायचे. मी नाक मुरडायचे आणि चप्पल काढायचे. नाही म्हणणं काही अवघड नव्हतं. म्हटलं नाही, कारण तीन दिवसांनी ते ताठ चालत यायचे आणि सगळ्यांसमोर सांगायचे, “बाईंच्या पायाला गुण आहे बरं का!” उसण तीन दिवसांत आपोआपच उतरते, हे मला चांगलं माहीत होतं. पण कौतुक मलाही आवडायचं.

वहिनी, म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. दादा बोटीवर जायचा; आता वय झालं म्हणून किनाऱ्यावर जाळी दुरुस्त करत बसतो. वहिनीचं काम मात्र वय बघून कमी झालं नाही. मासळी सुकवायची, बोंबील, वाकट्या, जवळा पाटीत भरायचे, पाटी डोक्यावर घेऊन एसटीने तलासरीच्या बाजारात जायचं आणि संध्याकाळी परत येऊन चूल पेटवायची, हे ती लग्न झाल्यापासून करत होती. मागच्या थंडीत तिच्या कमरेतून डाव्या पायात कळ उतरायला लागली. ढुंगणापासून निघून पोटरीच्या बाहेरच्या बाजूने थेट अंगठ्यापर्यंत. एसटीत बसायला जागा मिळाली तरी तिला बसवेना. उभी राहून जायची, आणि कंडक्टर तिलाच ओरडायचा की जागा असताना वाट कशाला अडवता.

पाठ दुखते असं एकदा तोंडातून निघालं की झाईपासून डहाणूपर्यंतचा प्रत्येक माणूस वैद्य होतो. कुणी निर्गुडीचा शेक सांगितला, कुणी तापवलेल्या वाळूची पुरचुंडी. मेडिकलवाल्याने न विचारता पट्टा गळ्यात मारला. कैनाडकडचा एक गृहस्थ येऊन तिचा पाय ओढून गेला. ती किंचाळली, तर म्हणाला, आवाज आला म्हणजे शीर सुटली. तिची दोन्ही मुलं नोकरीसाठी बाहेरगावी. ती फोनवरून मत द्यायला तेवढी तत्पर. धाकट्याने सांगितलं, “आई, गादीवर झोपू नकोस, खाली झोपत जा.” जी बाई जन्मात कधी गादीवर झोपली नाही, तिला हा सल्ला. वहिनी “बरं” म्हणाली.

मग दादा तिला घेऊन डहाणूला माझ्याकडे आला. मला खरं तर दुखण्याचं वर्णन ऐकताच कळलं होतं. मणक्यातून निघणाऱ्या नसा मी दर वर्षी तक्त्यावर छडीने दाखवायचे. ही उसण नाही, नस दाबली गेलीय, एवढं सांगायला माझं काय जात होतं? पण दादाने आल्या आल्या चटई मागितली, वहिनी मुकाट्याने पालथी पडली, आणि मी नेहमीसारखी चप्पल काढली. तीनदा टाच ओढली आणि तिच्या पाया पडले. चहा केला.

आणि कळ गेली! आठ-दहा दिवस पूर्ण गेली. अशी दुखणी अशीच येतात-जातात, हेही मला माहीत होतं. पण दादाने झाईभर दवंडी पिटली की डॉक्टरांच्या तोंडात मारली माझ्या बहिणीने. वहिनीने पुन्हा पाटी उचलली. चैत्रात विवळवेढ्याला महालक्ष्मीची जत्रा भरते, तिथे सुक्या मासळीचा मोठा बाजार असतो. ती गोणीभर बोंबील घेऊन तिथे गेली. मीही देवीला गेले होते. मला ती समोरून येताना दिसली, तर तिच्या उजव्या पायात चप्पल होती आणि डावा पाय मोकळा. मी विचारलं, एक चप्पल कुठे गेली? तिने खाली पाहिलं. चप्पल कधी निसटली, हे तिला कळलंच नव्हतं. पाऊल जमिनीवर फटफट आपटत होतं आणि तिला वाटत होतं की आपण नीट चालतोय.

त्या क्षणी मला जी शरम वाटली ती मी इथे लिहून ठेवते, कारण तोंडाने मी कुणाला सांगितली नाही. दोन दिवसांनी मी तिला वापीला घेऊन गेले.

हॉस्पिटलच्या काउंटरवर रंगीत पत्रकांचा गठ्ठा होता. वर लिहिलेलं, ‘दुर्बिणीतून मणक्याची शस्त्रक्रिया! सकाळी ऑपरेशन, संध्याकाळी बागेत फेरफटका!’ खाली एक गोरंपान जोडपं हातात हात घालून हिरवळीवर चाललेलं. वहिनी बागेत गेली असेल तर चिकूच्या वाडीत, फळं उतरवायला, रोजाने. मी पत्रक वाचून हसले आणि त्याची घडी करून त्याने वारा घेत बसले. डॉक्टर माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाचा, गुजराती वळणाचं मराठी बोलणारा. मी त्याच्यातही काही ना काही खोट शोधत होते. मोठ्या घड्याळाची, गुळगुळीत बोलण्याची.

तो म्हणाला, “मावशी, चवड्यांवर चालून दाखवा.” वहिनी चालली. “आता टाचांवर.” तिला डावं पाऊल वर उचलताच येईना. तिने दोनदा प्रयत्न केला, टेबलाला धरून केला, आणि मग आमच्याकडे पाहून ओशाळल्यासारखी हसली. डॉक्टरचं गुळगुळीत बोलणं तिथे संपलं. एमआरआय झाल्यावर त्याने आम्हाला पडद्यावर दाखवलं. कमरेच्या दोन मणक्यांमधली गादी फुटून तिचा तुकडा बाहेर आला होता आणि पाऊल उचलणारी नस त्याच्याखाली चेंगरली होती. बाजूने नखाएवढं छिद्र पाडून, आत दुर्बीण घालून तो तुकडा काढायचा. पूर्ण भूल द्यायची गरज नाही, तेवढी जागा बधिर केली की पुरे.

“कळ जाईल,” तो म्हणाला. “पावलात ताकद परत येईल की नाही, ते मी छातीठोक सांगत नाही. जेवढा उशीर कराल तेवढी आशा कमी. या आठवड्यात ठरवा.”

बाहेर बाकावर बसून वहिनीने डावं पाऊल हाताने वर उचलून पाहिलं. मग म्हणाली, “बाय, ह्यो पाय गेला तर मला घरात बसावं लागल.” मी म्हटलं, “बसलीस तर काय झालं, पुष्कळ केलंस.” तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, हिला माझं बोलणं समजलं नाही.

रविवारी दुपारी झाईला घरात सभा भरली. सभाच म्हणते, कारण शेजारपाजारचे सगळे आपापलं मत घेऊन आले होते. मणक्याला सुरी लागली की माणूस खाटेला खिळतो, यावर सर्वांचं एकमत. कुणाच्या मामाचं तसं झालं होतं, कुणाच्या मामाच्या शेजाऱ्याचं. मामा कुठला, ऑपरेशन कसलं, हे विचारलं की मामा धूसर व्हायचा. सुरी नाही, नखाएवढं छिद्र आहे, असं मी सांगितलं तर एक काकी म्हणाल्या, “मग तर अजूनच वाईट. दिसणार कसं त्याला आत?” मी पडदा, दुर्बीण, आतून सोडलेलं पाणी, सगळं समजावलं. शाळेत यापेक्षा ढ मुलं मी पास केली होती. इथे माझी डाळ शिजेना.

दादाने निकाल दिला. “ऑपरेशन नाय. माझी बायको पांगळी करून आणशील. तू त्या टायमाला एकदाच पाय दिलास, म्हणून दुखणं परत आलं. तीन रविवार द्यायला पायजे होता. घाल गो चटई.”

आयुष्यात पहिल्यांदा मी नाही म्हटलं. माझ्या पायात काही नाही, कधीच नव्हतं, तुमच्या उसणी आपोआप उतरत होत्या, असं सगळ्यांच्या तोंडावर सांगितलं. कुणी विश्वास ठेवला नाही. शिकल्यामुळे बाईला गर्व झाला, एवढंच त्यांना त्यात ऐकू आलं. दादा म्हणाला, “शाळेतलं शाळेत ठेव.” मी चिडून आईकडे वळले. आई ऐंशीच्या पुढची, कोपऱ्यात सुपात जवळा निवडत बसली होती. म्हटलं, “आई, तू तरी सांग यांना.”

आईने सुपातून मान वर केली नाही. “खरं सांगते ती,” म्हणाली. “तिच्या पायात गुण नायच. ती डोक्यानंच आली. पायाळू तो.” आणि हनुवटीने दादाकडे दाखवलं.

मग सगळं बाहेर आलं, जवळ्यातला कचरा निवडता निवडता, अगदी सहज. पायाळू माणसावर वीज पडते अशी आमच्याकडे समजूत. म्हणून पायाळू पोराला कुठलाही तांडेल बोटीवर घेत नाही. आभाळ भरून आलं की एका पोरापायी सगळी बोट जायची. आईला पहिला मुलगा झाला तो पायांनी. तिने सुईणीच्या हातापाया पडून तिचं तोंड बंद केलं. पण पायाळूचं बाळंतपण झालं ही कुणकुण गावात लागलीच होती. तीन वर्षांनी मी झाले, सरळ, डोक्याने, आणि आईने पायाळूपण माझ्या नावावर टाकून दिलं. गावाला वाटलं, कुणकुण मागची नव्हे, आत्ताचीच. “पोरीला कुठं बोटीवर जायचं होतं?” आई म्हणाली.

विज्ञानाच्या शिक्षिकेला यावर खदाखदा हसू यायला हवं होतं. पन्नास वर्षं अख्खं गाव चुकीच्या पायाने बरं झालं, याहून चांगला प्रयोग कुठल्या पुस्तकात सापडेल? पण मला हसू आलं नाही. मला राग आला. माझं काहीतरी दादाने लुबाडून नेलं, असं वाटलं. ज्या गुणावर माझा काडीचा विश्वास नव्हता, तो गेला म्हणून मी त्या भरल्या घरात तोंड पाडून उभी राहिले.

बाकीच्यांचं शहाणपण तर काय सांगावं. चाळीस वर्षं हा माणूस भर पावसाळी आभाळाखाली समुद्रावर होता आणि एकही वीज त्याच्या वाटेला गेली नाही, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. त्या काकी टाळी वाजवून म्हणाल्या, “म्हणूनच उतरलं नाय! खरा पाय घरातच होता की!” लगेच चटई आली. जागा मोकळी केली गेली. दादा उठला, लुंगी वर खोचली. साठी उलटलेला माणूस, पण चेहऱ्यावर कसलं तेज! इतकी वर्षं सगळा मान बहीण खात होती, तो आज त्याच्याकडे आला होता.

वहिनी भिंतीला टेकून उभी होती. ती हलली नाही.

“चल, पड पालथी,” दादा म्हणाला.

“नाय,” वहिनी म्हणाली. आवाज चढवला नाही. बाजारात भाव सांगते तसं बोलली. “यांचा पाय माझ्या पाठीला नवा नाय. त्याच्यात गुण असता तर लग्नाच्या पहिल्या वर्षीच मी बरी झाली असती.”

काकींनी चटईकडे पाहायला सुरुवात केली. आईचा हात सुपात फिरतच राहिला. दादा म्हणाला, “लोकांसमोर काय बोलतेस?”

“लोकांसमोरच बोलते. लोकांना काय म्हाईत नाय?” आणि मग माझ्याकडे वळून, “चल बाय. त्या डॉक्टरला फोन लाव. मी येते.”

लोकांना माहीत होतं. मला तर सगळ्यात जास्त. वहिनी त्या घरात आली तेव्हा मी अठरा वर्षांची होते आणि पुढची आठ वर्षं तिथेच राहिले. तिच्या खोलीत आणि माझ्या खोलीत एक कुडाची भिंत. दादा बोटीवरून पिऊन आला की भिंतीपलीकडून आवाज यायचे, आणि मी पुस्तक उघडून मोठ्याने वाचायचे. आई म्हणायची, पोरगी किती अभ्यास करते बघा. माझं बी.एस्सी. असं झालं. दादाविषयी माझं मत वाईट होतं म्हणावं तर तेही नाही. तो मला वह्या आणून द्यायचा, कॉलेजची फी भरायचा, मी त्याची लाडकी होते.

ऑपरेशन त्या आठवड्यातच झालं. वहिनी जागी होती. डॉक्टर विचारायचा, “मावशी, पायात काय वाटतं?” आणि ती सांगायची, आता मुंग्या, आता गरम, आता अंगठ्यात चमकलं. नंतर ती मला म्हणाली की इतका वेळ कुणी आपल्याला काय वाटतं ते विचारत बसलंय, असं तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच झालं. डॉक्टरने बाहेर येऊन बाटलीत काढलेले तुकडे दाखवले. पांढरट, तंतूतंतूंचे, खेकड्याच्या नांगीतला गर असतो ना, तसे. खाटेवर आणल्यावर वहिनीने बाटली उजेडाकडे धरून पाहिली आणि म्हणाली, “एवढ्याशानं मला नाचवलं?” पाठीवर एक टाका. दुसऱ्या दिवशी सकाळी ती चालत गाडीत बसली. पत्रकात लिहिलं होतं ते जवळजवळ खरं निघालं, याचाही मला थोडा रागच आला.

ती झाईला गेली नाही, माझ्याकडे डहाणूला आली. डॉक्टरने सांगितलेले व्यायाम ती न चुकता करायची, पाऊल वर, पाऊल खाली, शंभरदा, मोजून. एके दिवशी तांदूळ निवडता निवडता म्हणाली, “मी आता झाईला जायची नाय. इथंच बाजारात बसून मासळी विकीन. पाय आला तर.” मी म्हटलं, येईल. आणि डाळ शिजत घालायला उठले. दादाचा फोन दर दोन दिवसांनी यायचा, पण मला. मी तिला कधी दिला नाही आणि तिने कधी मागितला नाही. मी फोन घेऊन गॅलरीत जायचे आणि दादाने जेवण काय केलं ते विचारायचे.

सहा आठवड्यांनी दाखवायला गेलो, तर दादा आमच्या आधीच तिथे येऊन बसलेला, इस्त्रीचा शर्ट घालून. आत गेल्यावर त्याचा पहिला प्रश्न, “पाटी कधी उचलेल?” डॉक्टर म्हणाला, “डोक्यावर? कधीच नाही.” मग त्याने वहिनीला टाचांवर चालायला सांगितलं. ती चालली. डावं पाऊल उचललं गेलं, उजव्याएवढं नाही, अंगठा थोडा मागे राहत होता, पण उचललं गेलं. टेबलाला न धरता ती खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली आणि परत आली. डॉक्टर स्वतःच इतका खूश झाला की त्याने तिला पुन्हा एकदा चालायला लावलं. मी डोळे पुसले.

वहिनी खुर्चीवर बसली आणि म्हणाली, “डॉक्टर, एक विचारू? लाथ बसून गादी फुटते का?”

डॉक्टरने दादाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “कधी बसली?”

“जुन्या. वरीस पंधरा झाले, आता नाय बसत.”

तो विचार करून बोलला. “खात्रीने नाही सांगता येणार, मावशी. एवढी वर्षं डोक्यावर ओझं, वाकून काम. गादी अशी झिजते ती बहुतेक त्यानेच. लाथेमुळेच झालं, असं मी नाही म्हणू शकत.”

दादाने श्वास सोडला. तो मला ऐकू आला, कारण त्याच वेळी माझाही सुटला. पहिल्या क्षणी मनात दुसरं काहीच आलं नाही. भावाकडून झालं नाही, एवढंच आलं, आणि हायसं वाटलं.

वहिनी दादाकडे वळलीसुद्धा नाही. ती माझ्याकडे बघत होती.

“बाय,” ती म्हणाली, “तुला बरं वाटलं ना?”

खोटं बोलायची सोय नव्हती. मी मान डोलावली.